वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचा चौकोनी मारिओ

प्रश्न : मुलाच्या खोलीत जुन्या व्हिडिओ गेममधला मारिओ स्टेन्सिलने काढला. कापताना त्याच्या डुंगरीची (खांद्यावर पट्टे असलेल्या पँटची) बटणंच गळून पडली आणि कडेने रंग पसरला. काय चुकलं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बटणाच्या चारही बाजूंना लाल रंग आहे. लाल भाग कापला की बटणाला धरायला काहीच उरत नाही. म्हणून लाल रंगाच्या स्टेन्सिलमध्ये बटणं ठेवूच नका.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ गेममधला छोटा मारिओ १६ पिक्सेल (म्हणजे पडद्यावरचे बारीक चौकोन) उंच, १२ रुंद, रंग तीनच. एका पिक्सेलला दीड सेंटिमीटरचा चौकोन धरला तर उंची २४ सेंटिमीटर. आधी अख्खी आकृती त्वचेच्या रंगात भरा. त्यावर लाल टोपी-डुंगरी, मग तपकिरी केस, डोळा, मिशी, सदरा, बूट. बटणांचे दोन चौकोन शेवटी, वेगळ्या तुकड्यातून.

कागदापेक्षा जुनी एक्स-रे फिल्म बरी. भिजून फुगत नाही. सगळ्या रंगांच्या फिल्म एकावर एक ठेवून दोन कोपऱ्यांत एकदमच भोकं पाडा, त्या भोकांतून भिंतीवर पेन्सिलीने ठिपके द्या. थर सरकणार नाहीत. दोन चौकोन फक्त टोकाला टेकतात तिथे फिल्म हमखास फाटते. तिथे मिलिमीटरभर कोपरा न कापता सोडा, नंतर बारीक ब्रशने भरा.

रंग पसरतो तो घाईने. भिंतीच्या इमल्शन रंगात पाणी घालू नका. स्पंज रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि टेकवा, ओढू नका. पावसाळ्यात थर वाळायला दुप्पट वेळ धरा. बोटाला चिकटतोय तोवर दुसरी फिल्म लावलीत, तर खालचा रंग तिच्याबरोबरच निघेल.