मासे मेले पहाटे, बाटली भरली दुपारी

प्रश्न : पंचगंगेत मासे मेले की दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना नेतात, अहवाल येतो 'समाधानकारक'. नदीत पाणी तपासणारं कायमचं यंत्र बसवलं तर घाण सोडणारा चोर सापडेल का? – एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, चोर नाही, पण चोरीची वेळ नक्की सापडेल. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं. ऊन चढलं की तेच शेवाळ प्राणवायू सोडतं. म्हणजे दुपारची बाटली गोडच बोलणार! यंत्र दर पंधरा मिनिटांनी प्राणवायू, सामू, तापमान, क्षारांमुळे बदलणारी विद्युतवाहकता टिपतं. अंघोळीला योग्य अशा नदीच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. 2 च्या खाली गेला की मासे तोंड वर काढतात. बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्या मापाचं, मात्र वेगळं. प्रयोगशाळेत नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवून ती मोजतात. यंत्र प्रकाशशोषणावरून नुसता अंदाज बांधतं.

मी अशी यंत्रं सांभाळली आहेत. एकदा प्राणवायूचा आकडा आठवडाभर घसरत होता, आम्ही नदीच्या नावानं बोटं मोडत होतो. प्रोब (पाण्यात बुडालेला, मोजणारा भाग) वर काढला तर त्यावर बुळबुळीत थर आणि वर चिकटलेली एक गोगलगाय! जुन्या टूथब्रशनं घासला, आकडा सरळ झाला.

तेव्हा यंत्र बसलंच, तर पडद्यावरच्या आकड्याआधी एक विचारा : प्रोब शेवटचा कधी घासला? वही दाखवा म्हणा.