अटींवर टिक करून बसलात, आता पुष्टी यायच्या आत हालचाल करा

कोथरूडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. चार वर्षं छंद म्हणून पॉटरी करतात. डिसेंबरमधल्या हस्तकला प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतायत. कॉफीचे मग, वाट्या, ताटल्या, लोणच्याच्या बरण्या अशा दीडेकशे वस्तू तयार आहेत. आयोजकांचा फॉर्म मोबाइलवर भरला, अटींच्या चौकटीत टिक केली, निम्मं भाडं भरलं. ‘निवड झाल्यास ई-मेलने कळवू’ एवढंच उत्तर आलंय. मग वर्गातल्या मैत्रिणीनं अट क्र. १४ दाखवली: ‘माझ्या सर्व वस्तू खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असून तसे चाचणी अहवाल माझ्याकडे आहेत. याबाबत कोणताही दावा उद्भवल्यास आयोजकांचे संपूर्ण नुकसान मी भरून देईन.’ असा एकही अहवाल त्यांच्याकडे नाही. त्या विचारतात, जीएसटी लागेल का, शॉप अ‍ॅक्ट (दुकानं व आस्थापनांचा कायदा) लागेल का, आणि वस्तूंवर ‘फूड सेफ’ लिहिलं तर चालेल का?

दिवाळीच्या आगेमागे अशी पत्रं दरवर्षी येतात. कुणाच्या मेणबत्त्या, कुणाचे साबण, आणि प्रश्न जीएसटीचा. तो लवकर उरकतो. विक्री महाराष्ट्रातच आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची सक्ती सहसा नसते. तुमचा दुसरा काही व्यवसाय असेल तर मात्र सीएंना विचारा. शॉप अ‍ॅक्टमध्ये कामगार मोजकेच असतील तर नोंदणी नाही, फक्त सूचना द्यावी लागते. छंदातल्या दोन दिवसांच्या स्टॉलला तीही लागेल का, हे तुम्ही पुढे नियमित विक्री करणार की नाही यावर ठरेल.

तुमचं सगळं अडलंय ते अट १४ वर. पैसे भरण्याआधी ती वाचायला पाच मिनिटं लागली असती, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. जे अहवाल नाहीत ते आहेत असं तुम्ही लिहून दिलंय, म्हणजे विधान पहिल्या दिवसापासून खोटं. शिवाय आयोजकांवर येणारा दावाही स्वतःच्या डोक्यावर घेतलाय, आणि त्याला रकमेची मर्यादा नाही.

तरी अजून एक दार उघडं आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ५ सांगतं की, समोरच्यानं स्वीकृती पाठवेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. तुम्ही भरलेला फॉर्म हा माझ्या मते तुमचा प्रस्ताव आहे आणि ‘निवड झाल्यास कळवू’ म्हणजे स्वीकृती अजून झालेली नाही. मागे घेतल्याचं त्यांना कळलं पाहिजे, तेही त्यांची पुष्टी निघण्याआधी. त्यामुळे उद्या नको, हे वाचून झाल्यावर लगेच ई-मेल करा. ‘अट १४ मधील विधान व हमी मी मागे घेते; त्याशिवाय स्टॉल देणार असाल तरच माझा अर्ज ग्राह्य धरावा,’ एवढं पुरे. फोनवर सांगू नका, आणि ई-मेल मिळाल्याची पोच मागा. भाडं परत मिळेल का, हे फॉर्ममधल्या इतर अटी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण निम्म्या भाड्यासाठी अमर्याद हमी अंगावर ठेवू नये.

पुष्टी आधीच आली असेल तर करार झाला. मग दोघांच्या संमतीनंच अट बदलता येईल. आयोजक ऐकतीलच असं नाही.

आता ‘फूड सेफ’. छंद आहे म्हणून सूट मिळेल असं वाटत असेल तर ते मनातून काढा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जो वस्तू बनवतो तो उत्पादक. तुमचा व्यवसाय आहे की रविवारचा विरंगुळा, हे तिथे विचारलेलं नाही. कलम ८४ नुसार वस्तूबद्दल दिलेली स्पष्ट हमी खरी ठरली नाही आणि त्यातून कुणाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. हमी देताना निष्काळजीपणा वा लबाडी नव्हती हे सिद्ध केलं तरीही. वस्तूजवळच्या कार्डावरचे ते दोन शब्द अशी हमी ठरू शकतात.

तुमचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, वर्गातल्या सामाईक बादलीतलं आहे, त्यात काय पडलंय ते ठाऊक नाही, असं तुम्हीच लिहिलंय. शिसं किंवा कॅडमियम असलेल्या ग्लेझवर आंबट पदार्थ राहिला की ते त्यात उतरू शकतं. आपल्या घरात बरणीत कैरीचं लोणचं वर्षभर मुरतं, वाटीत सोलकढी आणि कढी असते. मला काळजी आहे ती या बरण्यांची. चाचणीत भांडं ४ टक्के असेटिक आम्लात २४ तास ठेवून किती धातू उतरतो ते मोजतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला आजच विचारा, अहवाल प्रदर्शनाआधी मिळेल का. प्रत्येक ग्लेझचा आणि प्रत्येक भट्टीच्या तापमानाचा वेगळा नमुना द्या. अहवाल आलाच, तर कार्डावर अहवालात आहे तेवढंच लिहा. नाही आला, तर बरण्या, वाट्या आणि मग घरी ठेवा. कुंड्या, पणत्या, फुलदाण्या घेऊन जा. मगाखाली ‘फक्त शोभेसाठी’ अशी चिठ्ठी लावून सुटका होईल, यावर मी विसंबणार नाही. मगाचा उपयोग लोकांना माहीत असतो.

‘पुढे दावा लागलाच तर बघू’ असंही तुम्ही लिहिलंय. ग्राहक आयोगानं तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, वर्षं जातात, आणि तोवर तक्रारदार आणि तुम्ही दोघंही टांगणीला. तक्रार करणारी बाई नागपूरला राहत असेल तर ती तिथल्याच आयोगात दाद मागू शकते, म्हणजे तुमच्या फेऱ्या तिकडे.

ई-मेल गेल्यावर त्याची प्रत वेळेसकट जपून ठेवा, आणि टिक केलेल्या फॉर्मची पानंही, आयोजकांनी तो दुवा बंद करण्याआधी.