हौद्याचा गंज: आधी मीठ काढा, रंगाचं नंतर बघू

देवगडच्या दादांनी फोटो पाठवून विचारलंय की 2011 ची बोलेरो पिकअप आहे, हौद्याच्या तळाला तपकिरी डाग पडलेत, चार-दोन ठिकाणी रंगाचे पोपडे सुटलेत. गॅरेजवाला म्हणतो सगळा पत्रा बदला, शेजारी म्हणतो रेड ऑक्साइड (रंगाआधी मारायचा लाल प्रायमर) मारून मोकळे व्हा. खरं काय?

दादा, आधी गंज किती खोल आहे ते बघा. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ डागावर ठोका. टणटण वाजलं तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला तर टोक दाबून बघा, आत रुतलं तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्डिंग करावा लागेल. गाडीखाली झोपून आडव्या चॅनलचे सांधेही याच पद्धतीने तपासा, कारण वरून नुसता डाग दिसतो आणि खालून पत्रा पार गेलेला असतो. तुमच्या फोटोत मला तरी वरवरचाच गंज दिसतोय. त्यासाठी अख्खा पत्रा बदलायची गरज नाही.

माझी पिकअप बरीच वर्षं हर्णैहून मासळी वाहते. पहिल्यांदा गंज दिसला तेव्हा मे महिन्यात ब्रश मारला, लगेच रेड ऑक्साइड, त्यावर रंग. दसऱ्यापर्यंत तळाला फोड आले. नखाने एक फोड उचकटला तर आत पाणी आणि नारिंगी चिखल. गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं होतं आणि मी ते रंगाखाली बंद करून टाकलं होतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि रंगाखाली गंज चालूच राहतो. कोकणात हौद्याचं काम फसतं ते बहुतेक इथेच.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. बर्फाचं पाणी, मासळीचं तेल, खताची पोती, काय काय त्या पत्र्यावर सांडलेलं असतं. साबणाच्या पाण्याने घासा, मग विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने भरपूर धुवा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते नको. तेलकटपणा गेल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका, नाहीतर तेच तेल पत्र्यात घासलं जातं.

वाळल्यावर सुटे पोपडे खरवडा, मग तारेचा ब्रश आणि 80 नंबरचा पेपर. ग्राइंडरला कप ब्रश लावणार असाल तर चष्मा आणि मास्क हवाच, त्याच्या तारा तुटून उडतात. पत्रा चकाकला तरी मध्ये काळे ठिपके राहतील. त्या खड्ड्यांतच मीठ असतं. आता पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. सकाळी सगळीकडे हलकी पिवळसर झाक आली तर ती हवेची, पेपरने सहज जाते. पण ठिपक्या-ठिपक्यांतून नारिंगी टिंब वर आलं असेल तर मीठ अजून आत आहे. परत धुवा. मला तीन वेळा धुवावं लागलं होतं.

गंज काढायला संडास धुवायचं ॲसिड ओतणारे खूप आहेत. कृपा करून ते करू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज झटकन जातो खरा, पण त्यातलं क्लोराइड पत्र्यावर राहतं, म्हणजे जे काढायला तीन दिवस घालवले तेच परत ओतल्यासारखं. काळ्या ठिपक्यांसाठी फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण, मिळतं, ते ब्रशने फक्त खड्ड्यांवर लावा. काही धुवायचे असतात, काही तसेच वाळू द्यायचे, तेव्हा बाटलीवरचं वाचा. त्यावर इपॉक्सी प्रायमर (दोन डबे मिसळून रंगाआधी मारायचा थर) चालतो का हेही तिथेच बघा, ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही.

उरलेल्या रंगाच्या कडा 120 च्या पेपरने इतक्या उतरवा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. थिनरने पुसा आणि त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा, दोन हात. एकट्या रेड ऑक्साइडच्या भरवशावर हौदा सोडू नका, त्यातून ओल झिरपते. इपॉक्सी उन्हात भुकटतो, म्हणून वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच. मधल्या सांध्यांत सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवायची पेस्ट, भरा. नंतर आठवडाभर गाडीत काही भरू नका.

हे काम पाऊस पूर्ण ओसरल्यावर, थंडीच्या कोरड्या दिवसांत घ्या. दव सुकल्यावर दहा-अकराला सुरू करा आणि चारच्या आत रंग संपवा. मार्चमध्ये आंब्याच्या पेट्या सुरू झाल्या की गाडी तुम्हाला आठवडाभर मोकळी मिळणार नाही.

आणि तळाला रबरी मॅट असेल तर ती उचलून बघा. खाली पाणी निघालं तर तुमचा गंज तिथूनच आलाय. पाणी जायची भोकं मासळीच्या खवल्यांनी, पेंढ्याने बुजतात, ती तारेने मोकळी करा. मॅटखाली लाकडी पट्ट्या टाका म्हणजे वारा खेळेल. मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांजवळ ठोकून आवाज कसा येतो तेही कळवा, फोटोत तेवढाच कोपरा दिसत नाहीये.