आधी पावती

अनेक आशीर्वाद.

पगारवाढ सगळ्यांनाच मिळते, मग दर महिन्याला शंभर रुपये वर्गणी भरून मला वेगळं काय मिळणार, हा तुझा प्रश्न खोटा नाही. मान्यताप्राप्त युनियनने करार केला की तो वर्गणी बुडवणाऱ्यालाही लागू होतो. पण करार करायला युनियनला आधी मान्यता लागते. ती घोषणांवर मिळत नाही, पावत्यांवर मिळते.

महाराष्ट्राच्या 1971च्या युनियन-मान्यता कायद्यात मान्यतेच्या अर्जाआधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असावे लागतात. त्या सहा महिन्यांत तुझी वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, तर तू सभासदच नाहीस. ‘दिवाळीला बोनस झाला की वर्षाची एकदम देतो’ म्हणणारा गेटवर कितीही ओरडला, तरी मोजणीत शून्य. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत तर, कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील तेव्हा, एकटीने वाटाघाटी करायला हजेरीपटावरचे 51 टक्के लागतात. तुमच्या खात्यातले दहा जण कुंपणावर बसले की फायदा कुणाचा, ते वेगळं सांगायला हवं का?

गिरणी संपाबद्दल तू हळवं होऊन लिहिलं आहेस. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले. पण 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियनचा दर्जा, म्हणजे कामगारांच्या वतीने करार करण्याचा हक्क, दुसऱ्याच युनियनकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. तो कायदाच रद्द करा, हीसुद्धा संपातली मागणी होती. संप बुडायला कारणं पुष्कळ, पण माणसं एकीकडे आणि कागद दुसरीकडे असला की काय होतं, ते परळ-लालबागने पाहिलंय. मी पावतीपावती करतो, ते लोकांना कारकुनी वाटतं. वाटू दे.

आता घरच्यांचं. तुझी आई विचारते ना, युनियन आपल्याला काय देते? तिला ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, समजावून सांग. पगार 21,000पर्यंत असेल तर तुझ्याकडून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 भरतो, आणि दवाखान्याचा हक्क कुटुंबालाही मिळतो. पण आजारपणाचा भत्ता, म्हणजे वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के, मिळायला सहा महिन्यांच्या टप्प्यात 78 दिवसांचा भरणा दिसावा लागतो. घोळ इथेच होतो. पगारस्लिपवर 26 हजेऱ्या आणि कंत्राटदाराने भरणा दाखवलेला 12 दिवसांचा. एकट्याने विचारलं की ‘बघतो’ म्हणतात आणि पुढच्या महिन्यात ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस घरी बसवतात. कमिटीने पन्नास जणांच्या स्लिपा एकत्र लावून लेखी विचारलं की भरण्याचं चलन बाहेर येतं. आणि नॉमिनेशन? लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर बाद होतं. कामगार गेला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नसते, शिवाय पीएफच्या विम्याचे 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. हे त्याच्या बायकोला सांगायला शोकसभेनंतर एचआरमधून कुणी येत नाही. चांगल्या कमिटीचा माणूस येतो, फॉर्म घेऊन.

‘साहेब काढून टाकतील’ ही भीतीही खरी. युनियनमुळे काढलं किंवा सूडाने बदली केली, तर ती अनुचित कामगार प्रथा. 1971च्या कायद्याखाली तक्रार 90 दिवसांत करायची. तिथेही पहिला प्रश्न हाच येणार: सभासद कधीपासून? काढ पावती.

तेव्हा या महिन्याचा पगार झाला की खजिनदाराला गाठ. पावती त्याच्यासमोर वाच. हजेरीपटावरचंच पूर्ण नाव, टोकन नंबर, महिना, तारीख, सही. ‘बंड्या’ असं लिहिलेलं चालणार नाही, तो बंड्या हजेरीपटावर सापडत नाही. ‘जानेवारी ते जून’ अशी एकच पावती घेऊ नकोस, महिन्याची महिन्याला घे. पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर तोच मजकूर उमटलाय का बघ, कारण तपासणीत तीच उघडतात. पगारातून कापून घेणार असतील तर तुझं लेखी संमतिपत्र लागतं, त्याची प्रत ठेव. आणि वर्गणी भरतोस तर हिशेबही विचार. मान्यताप्राप्त युनियनच्या कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावीच लागते आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहावे लागतात. ती वही दाखवा म्हण. खजिनदार चिडला तर चिडू दे, पण आधी पावती घे.