ट्रक ड्रायव्हर रात्रभर इंजिन चालू ठेवून का झोपतात? त्यांना बंद करायला कसं सांगावं?

तुमचं घर निपाणीबाहेर सर्व्हिस रोडला लागून आहे, रात्री तीन-चार ट्रक इंजिन चालू ठेवून समोर उभे असतात आणि वडिलांना दम्याचा त्रास आहे, असं तुम्ही लिहिलंय. गाडीला याची खरंच गरज असते का, आणि ड्रायव्हरला सांगायचं कसं, हे तुमचे दोन प्रश्न. माझं संकेश्वरजवळ हायवेला डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. या गाड्या आणि ही माणसं रोजच्या ओळखीची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीला गरज नसते. आत झोपलेल्या माणसाला असते, आणि त्याची अडचण समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. नामक्कलहून माल घेऊन पुण्याला निघालेला ड्रायव्हर आपल्या भागात पोचतो तेव्हा दिवसभर इंजिनाच्या धगीला बसून आलेला असतो. काच उघडी ठेवावी तर डास येतात, शिवाय मोबाईल आणि खर्चीचे पैसे जायची भीती. काच लावावी तर जीव गुदमरतो. मग इंजिन चालू ठेवून पंखा नाहीतर एसी लावतो आणि आडवा होतो. 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला 8 तास काम लिहिलेलं होतं. हायवेवर ते कुणी पाळताना मला दिसलेलं नाही. अशा माणसाची चार-पाच तासांची झोपही मोडली तर तवंदी घाटात काय होऊ शकतं, हे निपाणीकरांना मी सांगायला नको.

आता ड्रायव्हर लोक जी कारणं सांगतात ती बघू. पहिलं हवेचं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद केलं की ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते, सकाळी गाडी हलत नाही, असं म्हणतात. पण हँडब्रेक ओढलेला असला की मागची चाकं स्प्रिंगच्या जोरावर धरलेली असतात, त्याला हवा लागत नाही. सकाळी इंजिन चालू करून थोडी वाट बघितली की टाकी भरते. रात्रीत हवा पार शून्यावर येत असेल तर कुठंतरी गळती आहे. साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हला आणि पाइपच्या जोडांना लावायचं, फेस आला की जागा सापडली. त्या गळतीवर उपाय म्हणून रात्रभर डिझेल जाळणं मला पटत नाही.

दुसरं कारण बॅटरीचं. सकाळी सेल्फ मारला आणि गाडी उठलीच नाही तर? ही भीती खरी आहे, कारण अनेक गाड्यांत मालक बॅटरी मरेपर्यंत बदलत नाहीत. पण हिशेब करून बघा. 24 व्होल्टचा 15 वॅटचा पंखा पाऊण अँपिअरसुद्धा ओढत नाही. 8 तास चालला तरी 5 अँपिअर-तास गेले. मोठ्या गाडीच्या बॅटऱ्या 100 अँपिअर-तासांच्या वरच्या असतात. चांगल्या बॅटरीला रात्रभराचा पंखा काहीच नाही.

टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं म्हणाल तर चढ चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवून मग बंद करावं, एवढंच. पहाटेपर्यंत नाही.

आणि उलट नुकसान किती! मोठ्या इंजिनाला नुसतं उभं राहून एसीसकट तासाला साधारण 2 लिटर डिझेल लागतं. गाडीप्रमाणे कमी-जास्त होईल. 7 तासांचे 14 लिटर आणि लिटरला 90 रुपये धरले तर एका रात्रीचे 1,260 रुपये धुरात गेले. हळू चालणारं इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, त्यातलं थोडं लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाड्यांत अजून एक भानगड आहे. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लोडवर पळाली की ती तापून स्वतःच साफ होते, पण रात्र-रात्र उभ्याने चालवली की काजळी साठत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग जागेवरच सफाई चालवावी लागते, तेव्हा सायलेन्सर 500 अंशांच्या वर तापतो. आपल्याकडं ऊस सुरू असताना रस्त्याकडेला पाचट पडलेलं असतं. त्यावर गाडी उभी करून ही सफाई लावायची नाही, हे मी प्रत्येक ड्रायव्हरला बजावतो.

सगळ्यात जास्त काळजी मला धुराची वाटते, आणि ती तुमच्या वडिलांइतकीच आत झोपलेल्या माणसाचीही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, आणि झोपेत त्याने चढलेली गुंगी कळत नाही. सायलेन्सरच्या जोडाला काळी रेघ ओघळलेली दिसली की तिथून धूर गळतोय असं समजायचं. अशी गाडी चालू ठेवून काचा लावून झोपणं जिवावर बेतू शकतं. ढाब्यावर गाड्या खेटून उभ्या असतात, तिथं तर एकाचा धूर दुसऱ्याच्या खिडकीत जातो.

तरीही फक्त ड्रायव्हरला दोष देणं मला मान्य नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. फार चांगलं झालं, उन्हात गाडी हाकणाऱ्याला तो हक्क आधीच मिळायला हवा होता. पण तो एसी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद झालं की एसी बंद. म्हणजे चालत्या गाडीची सोय झाली, झोपेची तशीच राहिली. दिवसभर गार हवेत बसलेला माणूस रात्री आपण होऊन एसी बंद करेल, असं मला वाटत नाही. वेगळ्या बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी मिळतात, पण महाग आहेत. एक-दोन गाड्यांच्या मालकाला ते झेपत नाही.

बेळगाव पट्ट्यात मात्र त्याची गरजही फारशी पडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, एप्रिल-मे सोडला तर रात्री हवा सुटते. दोन्ही खिडक्यांना बाहेरून चेनने बसणारी मच्छरदाणी, एक 24 व्होल्टचा पंखा, धड बॅटरी आणि उजेड असलेली, राखणदार असलेली उभी राहायची जागा, एवढ्यावर माणूस शांत झोपतो. पहिल्या तीन गोष्टी मालकाने द्यायच्या आहेत. डिझेलचं एव्हरेज कमी आलं म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून पैसे कापणारे मालक मला भेटतात. मच्छरदाणीचं बोललं की त्यांना तो फालतू खर्च वाटतो. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. इंजिन बंद ठेव म्हणायचा अधिकार आधी ही सोय करून मिळवावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रात्री एक वाजता केबिनवर थापा मारू नका. दचकून उठलेला माणूस भांडतो, आणि चोर समजून हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घेऊन उतरला तर प्रसंग वाढतो. संध्याकाळी गाडी लागते तेव्हा जा. कन्नड-तमिळवाला असेल तर "अण्णा" म्हणा, उत्तरेकडचा असेल तर "भैया". वडिलांच्या दम्याचं सांगा, पाणी भरून देतो, तुमचा कॅन द्या म्हणा. गाडी थोडी पुढं, घर नसलेल्या बाजूला घ्यायची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात, त्यांच्याही घरी म्हातारी माणसं असतात. एक गाडी मात्र वेगळी: औषधं, आइस्क्रीम नेणारी थंड डब्याची गाडी. लहान गाड्यांत तो थंडावा मुख्य इंजिनावरच चालतो, तिला बंद कर म्हणता येत नाही. पुढं घ्यायला सांगा, एवढंच.

रोज तीच गाडी येत असेल आणि ड्रायव्हर ऐकत नसेल तर दारावर मालकाचा नंबर रंगवलेला असतो, त्यावर दिवसा बोला आणि वरचा 1,260 रुपयांचा हिशेब सांगा. तो त्यांना लगेच कळतो. कायदाही तुमच्या बाजूने आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 प्रमाणे, परवाना असलेला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. केबिनमध्ये सीटमागच्या फळीवर झोपलेला माणूस सीटवर बसलाय असं धरता येणार नाही. पण पोलिसात जाण्याआधी एकदा बोलून बघाच. गाडी रस्त्यावर धोकादायक उभी असेल तर मात्र थांबू नका, हायवेच्या 1033 नंबरला लगेच कळवा.

तोपर्यंत वडिलांची खाट रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवा, आणि रात्री पुढच्या खिडक्या लावून मागच्या उघड्या ठेवा.