फुटिंगचा आकार ठरवण्याचे ओझे मुलावर का?

(पत्राचा आशय : औसा तालुक्यातील एक गुत्तेदार लिहितात की, त्यांचा मुलगा यंदा 58 टक्के गुण मिळवून बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला. घरांचे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर तो स्वतःच शिकला आणि वडिलांच्या बांधकामांची फुटिंगसह (जमिनीखालच्या काँक्रीटच्या पायासह) सगळी ड्रॉइंग काढून देऊ लागला. मात्र आता तो हे काम टाळतो. पदवीत चार वर्षे घालवण्यापेक्षा त्याने सहा महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स करून घरचे ऑफिस सांभाळावे, असे वडिलांचे मत आहे.)

स. न. वि. वि.

मुलाच्या टक्क्यांबद्दल आपण दोन ठिकाणी खंत व्यक्त केली आहे. मला त्या टक्क्यांची काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती ‘‘पोरगं आळशी झालंय, फुटिंगची शीट मागितली की तोंड लपवतं’’ या आपल्या वाक्याची. नमुना म्हणून आपण जोडलेली शीट मी बारकाईने पाहिली. तीत तीन ओळींत नऊ कॉलम आहेत आणि नवांच्या नऊ फुटिंग 4 फूट बाय 4 फूट अशा एकसारख्या दाखवल्या आहेत. अगदी मधल्या कॉलमशेजारी मुलाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘‘यालाही 4 फूटच?’’ हे बहुधा आपल्या नजरेतून सुटले असावे.

त्याची शंका रास्त आहे. कोपऱ्यातल्या कॉलमवर स्लॅबच्या एकाच खणाचा (चार कॉलमांमधल्या भागाचा) चौथा हिस्सा येतो, तर मधल्या कॉलमवर चारही खणांचा चौथा-चौथा हिस्सा, म्हणजे स्लॅबपुरता चौपट भार. बाहेरच्या भिंतींच्या वजनाने हा फरक काहीसा कमी होतो हे खरे, पण तो पुसला जात नाही. कोणीही न शिकवता हे ज्याला खटकले, तो मुलगा शीट द्यायला कचरत असेल, तर त्याला आपण काय करतो आहोत याची जाणीव झाली आहे, असे मी समजतो. बारावी झालेल्या मुलाने काढलेल्या आकड्यावर कोणाच्या तरी घराचे काँक्रीट ओतले जाते, हे त्याला कळले आहे आणि त्याची त्याला भीती वाटते आहे. ती भीती वडिलांकडे बोलून दाखवण्याची सोय घरात नसावी, अन्यथा त्याने ती शीटच्या कोपऱ्यात लिहिली नसती. आपण त्याच्यावर टाकलेले काम त्याच्या वयाचे नाही आणि त्याच्या अधिकाराचेही नाही.

आता आपल्या पत्रातील मुख्य गैरसमजाकडे वळतो. ‘‘आतल्या फुटिंगसुद्धा सॉफ्टवेअर आपोआप काढतं, मग इंजिनिअरला पैसे कशाला?’’ असे आपण विचारले आहे. घरांच्या आराखड्याची अशी बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी घडवलेली आहेत. तिथे आतल्या काही भिंती वरच्या मजल्याचा भार प्रत्यक्ष वाहतात, म्हणून त्यांच्याखाली सलग फुटिंग लागते. आराखड्यात एखादी आतली भिंत ‘भारवाहक’ म्हणून नोंदवली, की सॉफ्टवेअर तिच्याखाली फुटिंगची रेषा उमटवते. त्या फुटिंगची रुंदी आणि जाडी म्हणजे आधीपासून भरून ठेवलेले किंवा वापरणाऱ्याने भरलेले आकडे असतात. आपल्या शीटवर स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या 4 इंची पार्टिशनखाली अशीच पट्टी आली आहे. आपले बांधकाम आरसीसी फ्रेमचे, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर भार पेलणारे आहे. त्यात ती भिंत प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळईवर बसते आणि खालची ती पट्टी निव्वळ वाया जाते. म्हणजे जिथे गरज नाही तिथे काँक्रीट पडते आणि मधल्या कॉलमखाली, जिथे हिशेब हवा, तिथे तो कोणी केलेलाच नसतो. शिवाय आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किती फुटांवर लागेल हे खड्डा घेतल्यावरच दिसते. सॉफ्टवेअरला ना ती माती माहीत, ना तो मुरूम. अमेरिकेतही ड्राफ्ट्समन हा आकार मनाने ठरवत नाही. जमिनीची भारक्षमता आणि मजल्यांची संख्या पाहून तो आकार बांधकाम संहितेतील तक्त्यातून येतो किंवा इंजिनिअर लिहून देतो.

‘‘ओळखीचे एक इंजिनिअर शिक्का मारून देतात’’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने लिहिले आहे, ते वाचून मला धक्का बसला. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आपल्याच तालुक्यातल्या किल्लारीचा होता. तिथे घात झाला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचा आणि वरच्या जड माळवदांचा, फुटिंगचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या तालुक्यातल्या गुत्तेदाराने न तपासलेल्या कागदावरच्या शिक्क्याला सोय म्हणावे, हे मला पटत नाही.

सहा महिन्यांच्या कोर्सला माझा विरोध आहे, कारण त्यात मुलगा तेच शिकेल जे त्याला आधीच येते. प्रवेशाचे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच : सिव्हिलच्या पदवीसाठी एमएचटी-सीईटी आणि वास्तुकलेसाठी नाटा या प्रवेश परीक्षा, आणि बारावी विज्ञानावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. यांपैकी पॉलिटेक्निकमधील सिव्हिलचा डिप्लोमा मला त्याच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. तिथे माती, काँक्रीट आणि सर्वेक्षण हाताने शिकता येते आणि पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट खुली राहते. वास्तुकलेचा विचार असल्यास एवढे लक्षात ठेवा, की 1972 च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. दुकानाच्या पाटीवरसुद्धा नाही. अर्थात हे सारे मी आपल्या पत्रावरून लिहितो आहे. त्याला स्वतःला काय शिकायचे आहे, याबद्दल दोन पानी पत्रात एकही ओळ नाही. ती त्याला विचारा आणि त्यालाच मला लिहू द्या.

मात्र प्रवेशाआधी एक काम तातडीचे आहे. सध्या ज्या घराचे खड्डे घेऊन तयार आहेत, त्याची शीट एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे न्या, त्यांची फी द्या, त्यांना खड्ड्यातील माती प्रत्यक्ष दाखवा आणि मुलाला सोबत नेऊन त्याचा पेन्सिलीतला प्रश्न त्यालाच विचारू द्या. तोवर पीसीसी, म्हणजे फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थरसुद्धा टाकू नका. घरमालकाने उशिराचे कारण विचारले, तर डिझाइन तपासून घेत आहोत असे सरळ सांगा.