बुरशीच्या वासाचा सापळा लावून खोड पोखरणारे भुंगेरे पकडता येतील का?

सापळा मागवून झाला असेल तर एक करा, तो झाडाला टांगू नका. मी टांगला होता.

तुम्ही विचारलंय की हे भुंगेरे स्वतःच्या बुरशीच्या वासावर येतात, तर कपाशीतल्या कामगंध सापळ्यासारखा बुरशीगंध सापळा का नको? कामगंध सापळ्यात नर मादीच्या ओढीने येऊन अडकतो. आपण बोलतोय त्या, अँब्रोशिया नावाच्या भुंगेऱ्यांचा संसारच खोडाच्या आत. भावाबहिणींचं तिथेच जुळतं, नराला उडताही येत नाही, आणि बाहेर पडणारी मादी आधीच फळलेली असते. तिला जोडीदार नको, घर हवंय आणि बुरशी पेरायला शेत हवंय. लाकूड ती खातच नाही, बोगद्याच्या भिंतीवर बुरशी पिकवते आणि ती खाते.

मी अमेरिकेत फ्लोरिडाला, मायामीच्या खाली होमस्टेडजवळ राहतो. मागच्या अंगणात अ‍ॅव्होकाडो होता, घर घेतलं तेव्हापासूनचा. बायको त्याची शेंगदाण्याचं कूट घालून कोशिंबीर करायची. एका दिवाळीला मेव्हणा जॅक्सनव्हिलहून आला तो पिकअपमध्ये लाकडं भरून. ‘भाऊजी, रेडबे आहे, आमच्याकडे मेलेली झाडं फुकट पडलीत, भरताची वांगी भाजू.’ रेडबे हे अ‍ॅव्होकाडोच्याच कुळातलं इथलं झाड. मी तिथल्या तिथे म्हटलं, अरे ती झाडं कशाने मेली ते माहीत आहे का? 2002 साली जॉर्जियात सव्हानाजवळ पोर्ट वेंटवर्थला एका सापळ्यात हा रेडबेचा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला. मूळचा आपल्याकडचाच, म्हणजे भारत, म्यानमार, तैवान, जपान असा. त्याच्या तोंडातल्या पिशवीत हॅरिंगटोनिया लॉरिकोला नावाची बुरशी असते. अंदाज असा आहे की 2017 पर्यंत 30 कोटींवर रेडबे गेले, म्हणजे तीनातला एक. बुरशी झाडाला खात नाही, झाडच घाबरून स्वतःच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतं आणि तहानेने मरतं. मेव्हणा हसला. वांगी भाजली, उरलेली लाकडं कुंपणाशी ताडपत्रीखाली महिनोन्महिने पडून राहिली.

वसंतात मला धास्ती वाटायला लागली आणि मी शहाणपणा केला. ऑनलाइन सापळा मागवला. वासाची पुडी उघडली आणि दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. कंकोळ! आजीच्या पानाच्या डब्यातला वास. खरंच कंकोळाचं तेल असतं त्यात. दालचिनी, तमालपत्र, रेडबे, अ‍ॅव्होकाडो ही सगळी एका कुळातली. या कुळातल्या ज्या झाडांवर हा भुंगेरा जातो त्यांच्या सालीतून अल्फा-कोपेन नावाचं द्रव्य हवेत जातं. मादी लांबून ओळखते ती त्यावरून, आणि कंकोळ तेलातही ते आहे.

बुरशीचा वास येतो नंतर, जवळ आल्यावर. तो अल्कोहोल आणि एस्टरांचा असतो. त्यातलं एक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, ज्याला पिकल्या केळ्याचा वास येतो. प्रयोगशाळेत नळीच्या एका टोकाला ही बुरशी ठेवली की मादी तिकडे चालत जाते. उघड्यावर मात्र नुसत्या बुरशीच्या वासाचं फार चालत नाही, झाडाच्या वासाची जोड लागते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वास खरा आहे, पण तो दारावरची पाटी आहे, रस्ता नाही.

मी पुडी अ‍ॅव्होकाडोच्याच फांदीला लावली. चिकट पट्टीवर पहिल्या आठवड्यात 11 भुंगेरे, जिऱ्याहून बारीक, 2 मिलिमीटरचे. भिंगातून मोजले आणि खूश झालो. पट्टीवर न बसलेले कुठे गेले हा प्रश्नच पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात खोडावर भुशाच्या बारीक काड्या उभ्या दिसल्या, हात लावला की मोडणाऱ्या. मग एक फांदी सुकली, पानं तपकिरी होऊन तशीच लटकत राहिली. चाकूने साल खरवडली तर पांढऱ्या लाकडात निळ्या-काळ्या रेघा. दीड महिन्यात झाड संपलं. मुळासकट काढून चुरा करावा लागला.

मेव्हण्याचं मत: ‘भाऊजी, पाणी जास्त झालं. भुंगे आजारी झाडालाच लागतात.’ त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना सांगतो, हा नियम इतर बहुतेक अँब्रोशिया भुंगेऱ्यांना लागू आहे. त्रासात असलेल्या झाडाच्या आत आंबल्यासारखं होऊन इथेनॉल सुटतं, ते त्यावर येतात. रेडबेचा भुंगेरा इथेनॉलला विचारत नाही. तो धडधाकट झाडावर उतरतो. पाण्याचा काही संबंध नाही. लाकूड जिथे तोडलं तिथेच जाळावं, गाडीत घालून सहाशे किलोमीटर हिंडवू नये.

तर सापळा लावायचाच असेल तर झाडापासून लांब, आणि फक्त ‘आलेत का’ एवढं बघायला. झाड वाचवायला नाही. व्हर्बेनोन नावाचं उलट, पळवणारं द्रव्य आहे. त्याने उतरणाऱ्यांची संख्या कमी होते, शून्य होत नाही. तुम्ही झाड कोणतं ते लिहिलेलंच नाही. सोलापूरकडचं डाळिंब असेल तर भुंगेरा वेगळा, बुरशी वेगळी, माझं काही धरू नका, तिथल्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, इथल्या अ‍ॅव्होकाडोच्या बागांत रेडबेचा भुंगेरा क्वचितच सापडतो. तिथे ही बुरशी दुसऱ्याच जातींच्या भुंगेऱ्यांनी उचललीय, इथेनॉलवर येणाऱ्या. माझ्या पट्टीवरचे 11 नेमके कोणते होते ते मी कुणाला दाखवलं नाही. शिवाय शेजारपाजारच्या अ‍ॅव्होकाडोंची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळतात आणि बुरशी त्यातूनही जाते. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचं झाड आदल्या वर्षीच गेलं होतं. हे मेव्हण्याला मी अजून सांगितलेलं नाही.